हिरवा दिवा आणि दोन ब्लँकेटं

१

चाळणबाईंना त्या रुग्णालयात धड बसायला खुर्ची मिळायच्या आत नर्स, डॉक्टर आणि इंजिनियर अशा तिघांचं एकमेकांवर खापर फोडून झालं होतं.

चाळणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रुग्णालय ज्या संस्थेचं होतं, तिच्या मुख्य कचेरीत त्या तक्रारींचा तपास करत. माणसाला समोर बसवून इतकं चाळत, की शेवटी तो आपणहून म्हणे, बाई, सांगतो, पण आता पुरे करा. त्यावरून कोणीतरी हे नाव पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं त्यांनी कधी कोणाला कळू दिलं नाही.

प्रकरण असं होतं. गेल्या आठवड्यात दुपारी, जुन्या इमारतीतल्या पुरुषांच्या वॉर्डात, सगळे ज्यांना शिंपीकाका म्हणत अशा एका रुग्णाला पक्षाघाताचा झटका आला. वॉर्डातली नर्स म्हणत होती, की तिनं डॉक्टरांसाठीचं लाल बटण दोनदा दाबलं, आणि दोन्ही वेळा वरचा हिरवा दिवा लागला. हिरवा दिवा म्हणजे निरोप घेतला, पोचवतो. म्हणून ती रुग्णापाशी थांबली. डॉक्टर आले नाहीत. शेवटी ती स्वतः नव्या इमारतीपर्यंत धावत गेली आणि त्यांना घेऊन आली, पण तोवर शिंपीकाकांची उजवी बाजू गेली होती. माणूस वाचला, आता अतिदक्षता विभागात होता, पण ज्या हातानं आयुष्यभर कात्री चालवली तो हात काही आता उचलत नव्हता.

डॉक्टर म्हणत होते, पेजर माझ्या खिशात होता, चालू होता, आणि वाजला नाही. निरोप पोचवणाऱ्या यंत्राच्या नोंदीत त्या दुपारी त्या वॉर्डातून एकही निरोप निघालेला नव्हता.

त्यामुळे निकाल जवळपास लागल्यातच जमा होता. नर्सनं बटण दाबलंच नाही, आणि आता खोटं बोलते आहे. संध्याकाळच्या बैठकीत तिला कामावरून काढायचं ठरलं होतं. नुसती नोकरी जाणार नव्हती. असा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या नर्सला दुसरीकडे कोणी दारातही उभं करत नाही.

"मी दोनदा दाबलं," नर्स म्हणाली. रडून झालेलं होतं, आता तिच्या आवाजात नुसता वैताग उरला होता. "सगळे विचारतात, दाबलं का, दाबलं का. अहो, दाबलं. दिवा लागला नसता तर मी तिथे उभी राहिले असते का?"

चाळणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणारा माणूस दिव्याची गोष्ट उगाच वाढवत नाही, बटणापाशीच थांबतो. पण यंत्राला तरी खोटं बोलायची काय गरज होती?

२

यंत्रांची खोली नव्या इमारतीत होती आणि तिथे हाडं गोठवणारा एसी चालू होता. इंजिनियर मात्र घामाघूम होता. पंचविशी नुकतीच ओलांडलेला, हुशार, आणि आपलं म्हणणं समोरच्याला कळणारच नाही अशी आधीपासून खात्री असलेला.

"मॅडम, हा क्लस्टर आहे. हाय अव्हेलेबिलिटी. तुम्हाला सोपं करून सांगतो."

"अवघडच सांगा," चाळणबाई म्हणाल्या. "उमेदीची वर्षं मी टेलिफोन खात्यात काढली आहेत."

तरी त्यानं सोपंच करून सांगितलं, आणि बाईंनी दात आवळून ऐकून घेतलं. निरोप पोचवणारी यंत्रं दोन होती. इथलं मुख्य, त्याला सगळे थोरला म्हणत. दुसरं जुन्या इमारतीत, तो धाकटा. बटणांचे सगळे निरोप थोरला घेतो आणि ज्याच्या त्याच्या पेजरवर पाठवतो. धाकटा नुसता बसून असतो. थोरला त्याला सारखा 'मी आहे, मी आहे' असं कळवत राहतो. ते कळवणं थांबलं, की थोरला गेला असं समजून धाकटा आपणहून कारभार हाती घेतो. कोणाला कळतही नाही.

"आणि त्या दुपारी थोरला बंद पडला होता का?"

"एक क्षणही नाही. माझ्याकडे पुरावा आहे. त्यामुळे धाकट्याचा प्रश्नच येत नाही. थोरला जिवंत असताना धाकटा एक निरोप घेत नाही. मी स्वतः बसवलं आहे हे सगळं." मग तो म्हणाला, "तरी मी दोन्हींत शोधलं. धाकट्यातही काही नव्हतं."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती, पण नेमकी कशावरून ते त्यांनाच सांगता आलं नसतं. एसीमुळे डोकंही दुखायला लागलं होतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि खांद्यावर किल्ल्यांचा जुडगा टाकलेला एक उंच माणूस आत आला. हा रुग्णालयाचा स्टोअरकीपर. त्याला सगळे कुलूपकाका म्हणत.

"मुख्य कचेरीच्या बाई तुम्हीच ना?" त्यानं विचारलं. "बरं झालं आलात. माझी दोन ब्लँकेटं गेली आहेत."

३

ब्लँकेटांसाठी आपण आलो नाही, हे चाळणबाईंनी कुलूपकाकांना एकदा सांगितलं, मग जिन्यात सांगितलं, आणि मग व्यवस्थापकांच्या दारापर्यंत सांगत गेल्या. कुलूपकाकांचं पालुपद एकच. जुन्या इमारतीच्या वॉर्डात दोन नवी ब्लँकेटं दिली, ती परत आली नाहीत, आणि कोणी दाद घेत नाही. शेवटी बाईंनी वळून "बघते" म्हटलं, तेव्हा कुठे तो टळला.

व्यवस्थापकांची खोली इतकी नीटनेटकी होती की पर्स कुठे ठेवावी हा प्रश्न पडावा. टेबलावर कागदाचा कपटा नाही, भिंतीवर एक तार दिसत नाही. साहेब स्वतःही तसेच, इस्त्री केलेले.

त्यांनी वाईट वाटत असल्याचं सांगितलं. नर्स मुलगी कामाची होती, पण यंत्र काही कोणाशी वैर धरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात ती दुपार नेमकी पाहुण्यांच्या भेटीची. बाहेरगावचे देणगीदार इमारत बघायला आले होते, साहेब स्वतः त्यांना घेऊन दोन्ही इमारतींमधल्या पुलावरून फिरत होते, सगळं कसं चकाचक करून घेतलं होतं, आणि त्याच वेळी हे होऊन बसलं. फोटो फार छान आले आहेत, बाईंनी ते खालच्या दालनातल्या पडद्यावर पाहिले असतीलच.

बाईंनी पाहिले होते. येता येता त्यांची नजर त्या भल्यामोठ्या पडद्यावर गेलीच होती. त्यावर साहेब हात जोडून सर्वांचं स्वागत करत होते, मग फुलं उमलत होती, मग पुन्हा साहेब येत होते.

डॉक्टर बाहेरच भेटले. ते नव्या इमारतीत होते, दुपारभर तिथेच होते, आणि नर्स धापा टाकत आली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की पेज का नाही केलं? तिनं काय उत्तर दिलं, असं बाईंनी विचारलं.

"म्हणाली, केलं ना, दोनदा." डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. "मला वाटलं, घाबरली आहे. खरं सांगू? मला अजूनही ती खोटं बोलते असं वाटत नाही. पण मग हा पेजर खोटा, नाहीतर मी खोटा. यातलं काय निवडू?"

आतापर्यंत भेटलेल्या प्रत्येकाचं म्हणणं खरं वाटत होतं, आणि तीच बाईंची पंचाईत होती. एक जण जरी उघड लबाड निघाला असता तर निदान चिडायला कोणीतरी मिळालं असतं. त्या भणभणत्या डोक्यानं जिना उतरल्या, तर पायथ्याशी किल्ल्या खुळखुळवत कुलूपकाका उभा होता.

४

"बसा," बाई त्याला म्हणाल्या, आणि स्वतःही पायरीवर बसल्या. खुर्ची शोधण्यात अर्थ नव्हता. "तुमची ब्लँकेटं एकदाची होऊनच जाऊ देत. कोणी नेली?"

"नेली नाहीत, मीच दिली. वॉर्डात नेऊन दिली. त्याच दुपारी, शिंपीकाकांना. त्यांना थंडी वाजत होती."

"कोणी मागितली?"

"वॉर्डानं. पेजर वाजला, 'दोन ब्लँकेटं, पुरुष वॉर्ड', मी उठलो आणि दिली."

"आणि नुसतं तोंडी कोणी मागितलं असतं तर?"

कुलूपकाकांच्या चेहऱ्यावर असं काही दुखावलेपण आलं, की बाईंना विचारल्याचा पश्चात्ताप झाला. पेजरवर निरोप आल्याशिवाय आपण सुईसुद्धा देत नाही, असं त्यानं ऐकवलं. पाहुणे आल्या आल्या त्यांच्यातल्या एकाला नवा टॉवेल हवा होता आणि साहेब स्वतः स्टोअरच्या दारात येऊन उभे राहिले, तर त्यांनाही सांगितलं, की साहेब, निरोप टाका. साहेब लालबुंद झाले, पण गेले आणि निरोप टाकला. हवं तर त्यांनाच विचारा.

विचारायची गरज नव्हती. हा माणूस बापालाही बिननिरोपाचा टॉवेल देणार नाही हे दिसतच होतं. बाईंनी त्याचा पेजर मागितला, तर काम झालं की निरोप पुसायची त्याची शिस्त. तिथे काही उरलेलं नव्हतं.

पण आता बाईंची चाळण सुरू झाली होती. त्या उठल्या, सरळ इंजिनियरच्या थंडगार खोलीत गेल्या आणि त्या दुपारची सगळी नोंद पडद्यावर आणायला लावली. फक्त लाल बटणाची नको, सगळीच हवी. जेवणाचे निरोप होते, औषधांचे होते, साहेबांच्या टॉवेलचाही होता. एकेक ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

ब्लँकेटांचा निरोप तिथे नव्हताच.

५

म्हणजे नोंद अपुरी होती. जो निरोप कुलूपकाकांना पोचला, ज्यावरून एक उंच, हट्टी माणूस ब्लँकेटं घेऊन दोन जिने चढला, तो निरोप यंत्राच्या लेखी कधी निघालाच नव्हता. मग तो पाठवला कोणी? थोरला तर म्हणतो मी नाही. आणि थोरला जिवंत असताना धाकटा तोंड उघडत नाही.

बाई कोपऱ्यात उभ्या राहून विचार करत होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. धाकटी जाऊ. सकाळपासून तिचा हा कितवा फोन, ते मोजायचं बाईंनी सोडून दिलं होतं. दोघी जावा एकाच घरात राहत, बाई वरच्या मजल्यावर, धाकटी खालच्या, आणि दोघींच्या मध्ये पाण्याची एक टाकी होती. ती कालपासून गळत होती.

"ताई, दोन प्लंबर आलेत," धाकटी म्हणाली. "एक तुम्ही सांगितलेला आणि एक मी."

"तू कशाला सांगितलास? मी सांगते म्हटलं होतं ना."

"अहो, पण तुमचा फोन लागेना. मला वाटलं, तुम्ही गेलात कामाला, आता मलाच बघायला हवं. म्हणून सांगितला. आता एकानं वरून पाइप कापलाय आणि एकानं खालून, आणि दोघं एकमेकांशी भांडताहेत."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मग आईंना विचारायचं होतंस. त्यांना ठाऊक होतं मी सकाळी घरीच होते ते."

"विचारलं ना. आई म्हणाल्या, तू म्हणतेस तेच बरोबर."

"म्हणणारच," बाई उसळून म्हणाल्या. "तुझ्याकडेच राहतात, तुझ्याच खोलीत बसतात, तुला दिसतं तेवढंच त्यांना दिसतं. त्या मला कधी—"

आणि त्या थांबल्या. पलीकडून धाकटी "ताई? ताई, ऐकताय ना?" करत राहिली. बाईंनी "दोघांनाही चहा दे आणि बसवून ठेव" असं सांगून फोन ठेवला.

मग त्या इंजिनियरकडे वळल्या. "दोघांचं पटेनासं झालं, संपर्क तुटला, तर खरा कारभारी कोण हे तिसऱ्या कोणालातरी विचारावं लागतं. आमच्या खात्यात तशी पद्धत होती. तुमच्या या जोडीला तिसरा कोणी आहे का?"

इंजिनियरचा चेहरा पांढराफटक पडला.

६

संध्याकाळच्या बैठकीला व्यवस्थापकांच्या त्या नीटनेटक्या खोलीत पाच जण होते. साहेब, डॉक्टर, इंजिनियर, नर्स, आणि कोणीही न बोलावता आलेला कुलूपकाका. चाळणबाईंनी या वेळी पहिल्यांदा खुर्ची पकडली आणि मगच बोलायला सुरुवात केली. येण्याआधी त्या पुलावरची केबल आणि पडद्यावरचे ती नसलेले फोटो नीट बघून आल्या होत्या.

"त्या दुपारी पुलावर एक निळी केबल लोंबत होती," त्या साहेबांना म्हणाल्या. "फोटोत ती वाईट दिसली असती."

साहेब म्हणाले, तात्पुरती काढायला लावली होती. फोटो झाल्यावर लगेच परत लावली. त्यात काय एवढं?

एवढंच, की त्या केबलवरून थोरला धाकट्याला 'मी आहे' म्हणत होता, आणि जुन्या इमारतीचे निरोपही तिच्यावरूनच थोरल्याकडे जात होते. केबल निघाली. थोरला इकडे ठणठणीत होता, पण धाकट्याला काही ऐकू येईना. तो समजला, थोरला गेला. त्यानं कारभार हाती घेतला. इकडे एक मालक, तिकडे एक मालक, आणि दोघांनाही वाटतंय की आपण एकटेच.

"असं होऊ नये म्हणूनच तिसरं यंत्र असतं," बाई सांगत होत्या. "वेगळ्या जागी, वेगळ्या तारेवर. थोरला दिसेनासा झाला की धाकट्यानं आधी त्याला विचारायचं, खरंच गेला का? ते म्हणालं असतं, नाही बाबा, आहे तो, तूच तुटला आहेस. मग धाकटा गप्प बसला असता, आणि बटणावर हिरव्याऐवजी तांबडा दिवा लागला असता. निरोप जात नाही, स्वतः जा, असा."

नर्सनं मान वर केली. तांबडा दिवा लागला असता तर ती पहिल्याच वेळी धावली असती. हे बाईंनी बोलून दाखवलं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं.

"ते तिसरं यंत्र संस्थेनं दिलं होतं. आज ते कुठे आहे, साहेब?"

साहेब इंजिनियरकडे बघायला लागले. शेवटी इंजिनियरच बोलला, टेबलाकडे बघत. ते यंत्र खालच्या दालनात होतं. स्वागताचा पडदा त्यावर चालत होता. तात्पुरतंच नेलं होतं. त्याचं काम मग त्यानं धाकट्यावरच टाकलं होतं, तेही तात्पुरतंच.

"म्हणजे धाकट्यानं स्वतःलाच विचारलं, थोरला गेला का, आणि स्वतःलाच सांगितलं, हो गेला," बाई म्हणाल्या. या तात्पुरत्या माणसांपुढे डोकं आपटावं असं त्यांना वाटत होतं. "नर्सनं आधी ब्लँकेटं मागितली. तो निरोप धाकट्यानं घेतला आणि पोचवला, कारण स्टोअर जुन्याच इमारतीत आहे. मग शिंपीकाकांना झटका आला आणि तिनं लाल बटण दाबलं. तेही धाकट्यानं घेतलं, हिरवा दिवा लावला, पण डॉक्टर होते नव्या इमारतीत. वाट उघडली की देऊ, म्हणून त्यानं तो निरोप धरून ठेवला. वाट उघडली तेव्हा एकाच दुपारच्या दोन वेगळ्या नोंदी समोर होत्या. अशा वेळी यंत्र आपल्या मनानं काही करत नाही. माणसाला विचारतं, कोणती ठेवू, कोणती टाकू."

त्यांनी इंजिनियरकडे पाहिलं. "तुम्ही मला म्हणालात, थोरला बंद पडला नव्हता म्हणून धाकट्याचा प्रश्नच येत नाही. आणि पुढच्या दमात म्हणालात, मी दोन्हींत शोधलं. प्रश्नच येत नव्हता तर धाकट्यात शोधायला का गेलात?"

इंजिनियरनं तोंड उघडलं, पण साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. ते आता सावरले होते. हा सगळा तर्क आहे, ते म्हणाले. केबल निघाली असेल, यंत्र हललं असेल, पण धाकट्याकडे कुठला निरोप गेला होता याला पुरावा काय? एका स्टोअरकीपरची आठवण? त्याची ती ब्लँकेटं तरी कोणी पाहिली आहेत का?

कुलूपकाका ताडकन उभा राहिला. पण ब्लँकेटं खरोखरच कुठे नव्हती.

७

बाई उठल्या, "कोणी हलू नका" म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

ब्लँकेटं जातात कुठे? शिंपीकाकांना घाईघाईनं स्ट्रेचरवर घातलं तेव्हा ती त्यांच्या अंगावर होती. अतिदक्षता विभागात बाहेरचं पांघरूण आत घेत नाहीत. मग ते दारात ज्याच्या हातात पडलं असेल त्याच्याकडेच असणार.

त्या विभागाबाहेरच्या बाकावर काकू बसल्या होत्या, शिंपीकाकांची बायको. आठवडाभर त्या बाकावरून उठल्या नव्हत्या. एक ब्लँकेट अंगावर होतं, दुसरं घडी करून उशाला. दोन्हींच्या कोपऱ्यावर स्टोअरचा निळा शिक्का होता.

नर्सचं नाव निघताच काकूंचा चेहरा दगड झाला. त्या पोरीमुळे हे झालं. उभी होती नुसती, त्यांच्या डोळ्यांदेखत. येतील काकू, आत्ता येतील, एवढंच म्हणत होती. तिला हाकलताहेत ते बरंच आहे, असं त्या म्हणाल्या.

"ही ब्लँकेटं कोणी आणली?" बाईंनी विचारलं.

"एक उंच माणूस घेऊन आला. ह्यांना थंडी भरली होती ना."

"त्याला कसं कळलं?"

"सिस्टरनं मागवली. भिंतीवरचं बटण दाबलं तिनं. हिरवा दिवा लागला, म्हणाली, येतील आता." काकू थांबल्या. त्यांनी ब्लँकेटाचा काठ चुरगाळून मुठीत धरला. "मग ह्यांचं तोंड वाकडं झालं. मी ह्यांच्याकडेच बघत होते. ती पुन्हा भिंतीकडे गेली होती. दोनदा गेली होती. हिरवाच दिवा लागला होता."

कधी नव्हे ते बाईंना काही चाळायचं नव्हतं.

"ब्लँकेटं आली, म्हणून तिला वाटलं डॉक्टरही येतील," काकू हळूच म्हणाल्या. "मलाही तसंच वाटलं होतं."

काकू बाकावरून उठल्या. पाय धरले होते, तरी उठल्या. दोन्ही ब्लँकेटं हातावर घेऊन त्या बाईंच्या पुढे चालत बैठकीच्या खोलीत गेल्या आणि साहेबांच्या त्या स्वच्छ टेबलावर ती ठेवली. शिक्का वर दिसेल अशी.

"हिनं बटण दाबलं होतं," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं. मी आठवडाभर हिला शिव्या देत बसले आणि अंगावर हिनंच मागवलेलं पांघरूण होतं."

त्यांनी नर्सचा हात हातात घेतला.

इंजिनियर उठून उभा राहिला. धाकट्याची नोंद आपणच टाकून दिली, असं त्यानं सांगितलं. पडद्यावर प्रश्न आला तेव्हा न वाचताच होकार दिला, नेहमी देतो तसा. दुसऱ्या दिवशी नर्सवर आळ आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पण बोललो तर तिसरं यंत्र कुठे गेलं हे निघणार, आणि त्यावर साहेबांना आपणच होय म्हटलं होतं. तो नर्सकडे वळला, पण तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. साहेबांनी अंग काढून घ्यायचा आणखी एकदा प्रयत्न केला, पण ते कोणी ऐकून घेतलं नाही. बाईंनी आपला अहवाल तिथेच, त्यांच्याच टेबलावर लिहिला. त्यात नर्सवरचा आळ साफ पुसला होता आणि बाकीच्या दोघांचा जाब मुख्य कचेरीनं घ्यावा असं म्हटलं होतं.

कुलूपकाकानं ब्लँकेटं उचलली, झटकली, घडी घातली. मग काय वाटलं कोण जाणे, काकूंच्या हातात परत दिली. "राहू द्या तुमच्याकडे," तो म्हणाला. "सिस्टर तेवढा एक निरोप टाकतील."

दुसऱ्या दिवशी दालनातला पडदा काळा झाला. तिसरं यंत्र टेलिफोन ऑपरेटरच्या खोलीत, त्याच्या ठरलेल्या जागी गेलं. बाईंनी सगळं डोळ्यांदेखत करून घेतलं. आधी थोरल्याची वीज काढायला लावली. धाकट्यानं मुकाट कारभार हाती घेतला, बटणावर हिरवा दिवा लागला आणि डॉक्टरांचा पेजर वाजला. मग वीज परत दिली आणि पुलावरची निळी केबल काढायला लावली.

"सिस्टर, आता दाबा," इंजिनियर म्हणाला.

नर्सनं लाल बटण दाबलं. दिवा लागला तो तांबडा. निरोप जात नाही, असं यंत्रानं सरळ सांगितलं, आणि इंजिनियरनं सुस्कारा टाकला. बाईंनी काहीतरी सांगायला मागे वळून पाहिलं, तर नर्स तिथे नव्हती. तिची पावलं पुलावर दणदणत लांब चालली होती.

ही नुसती चाचणी आहे, हे तिला माहीत होतं. थोड्या वेळानं ती परत आली, धापा टाकत, आणि तिच्या मागे डॉक्टर होते.